ताईतातली सुई
ऑफिसातली नवी मुलगी परवा मला तिचं ब्रेसलेट दाखवत होती. त्याला चांदीची एवढीशी किल्ली, चंद्र आणि मासा लटकवलेला. ‘किल्ली लकी असते, मॅम,’ ती म्हणाली आणि मला आईचा ताईत आठवला. चांदीच्या बारीक नळीचा, काळ्या दोऱ्यात ओवलेला. तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. माझ्या पहिल्या मुलाखतीला आई वारज्याहून सोबत आली आणि बसमधून उतरताना गर्दीत माझ्या कुर्त्याचं गळ्याजवळचं बटण तुटून हातात आलं. समोर कंपनीचं फाटक आणि मी रडकुंडीला आलेली. आईनं शांतपणे गळ्यातल्या ताईताचं टोपण फिरवलं आणि आतून दोरा गुंडाळलेली सुई काढली. ‘हलू नकोस, टोचेल.’ स्टॉपवरच्या एक बाई बघतच राहिल्या. ‘अहो, ताईतात मंत्र असतो ना?’ ‘होता,’ आई टाका घालत म्हणाली. ‘माझ्या आईनं धम्मदीक्षा घेतली तेव्हा काढून टाकला. चांदी कशाला टाकायची? आणि जागा तरी रिकामी कशाला ठेवायची?’ दोरा दातांनी तोडायला ती माझ्या गळ्याशी वाकली, तिच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास आला आणि माझी धडधड थांबली. इतका शहाणा दागिना मी पुन्हा कुठे पाहिला नाही. आता तो माझ्या गळ्यात असतो. ‘मॅम, तुमचा हा कशासाठी?’ त्या मुलीनं विचारलं. तिच्या बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. मी टोपण फिरवलं. ‘हलू नकोस, टोचेल.’