लिंबाजीभाऊंचे रंगीत क्रीम

इरा, कबीर,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी आपापला नाश्त्याचा वाडगा माझ्यासमोर धरलात आणि दुधावर तरंगणाऱ्या लाल, हिरव्या, जांभळ्या कड्या दाखवल्यात. मी आधी हसले आणि मग गप्प झाले. "आजी, काय झालं?" असं कबीरने विचारलं तेव्हा मी नेटवर्कचं कारण सांगितलं. नेटवर्क चांगलं होतं. मला आमचे शेजारी लिंबाजीभाऊ आठवले होते. यंदाच्या शिमग्यात ते गेले. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही आणि आता पाहणारही नाही, म्हणून ते कसे होते हे मी लिहून ठेवते आहे. पहिल्यापासून, क्रमाने सांगते. पण यातलं निम्मं मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही नीट कळलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

लिंबाजीभाऊ कधी बसत नसत. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी मानवत, पाथरी, जिंतूर या रस्त्यांवर उभ्याने गेली. निवृत्त झाल्यावरही आमच्याकडे आले की दाराच्या चौकटीला पाठ लावून, पाय फाकवून असे उभे राहायचे, जणू आमचं घर आता वळण घेणार आहे. चहासुद्धा उभ्यानेच, बशीतून, एक थेंब न सांडता. "बसा की भाऊ," म्हटलं की म्हणायचे, "सीट पॅसेंजरची असती मॅडम. आमी आपलं दांडीला." मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे सगळी गल्ली मला मॅडमच म्हणते.

त्यांचं बोलणं सगळं गाडीच्या भाषेत. कुणाचा पोरगा परीक्षेत नापास झाला तर त्याच्या आईला म्हणायचे, "गाडी लेट हाय, रद्द न्हाई." कुणी फार बढाया मारायला लागलं तर त्याच्या पाठीमागे, पण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "बोर्ड पुण्याचा लावलाय, गाडी जाती सेलूपस्तोर."

त्यांची बायको कौसाबाई लवकर गेली. मुलगी ज्योती तेव्हा प्राथमिक शाळेत होती. भाऊ पहाटे उठून भाकरी करायचे, मग तिची वेणी घालायचे आणि मग ड्यूटीवर जायचे. वेणी नेहमी एका बाजूला कललेली असे. ज्योती हुशार निघाली, शिकली, बंगळूरला नोकरीला लागली आणि तिथे तिने लातूरकडच्या एका मुलाशी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. भाऊ लग्नाला गेले नाहीत. पुढे बोलणंच थांबलं. जन्मात कुणाला गाडीतून खाली न उतरवलेल्या माणसाने पोटच्या पोरीलाच उतरवावं, हे मला समजत नसे. एकदा मी तसं विचारलं. ते म्हणाले, "त्या स्टॉपला आता गाडी थांबत न्हाई, मॅडम." आणि बशी धुवायला मोरीत गेले.

मग एका चैत्रात अचानक ज्योतीचाच फोन आला. परभणीला मैत्रिणीच्या घरी लग्न होतं, त्याला ती येणार होती. एक दुपार मानवतला येऊन जाईन म्हणाली. सोबत तिची मुलगी सई. सईचा वाढदिवसही त्याच दिवशी होता. भाऊंनी नातीला फोनवर बोलावलं. तोवर त्यांनी तिचा आवाजही ऐकलेला नव्हता. "बाळा, तुला वाढदिवसाला काय पाहिजे?"  मग ती म्हणाली, "केक. आणि त्याच्यावर रंगीत सिरियलचं बटरक्रीम."

भाऊ तसेच फोन हातात धरून आमच्या दारात.

"मॅडम, हे काय असतंय?"

मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "पोरीनं एकच वस्तू मागितलीय. हे जमलं न्हाई तर ज्योती पुन्हा कशाला येईल? दुपारी आली, संध्याकाळी गेली, झालं." त्यांच्या लेखी सगळा प्रश्न त्या क्रीमचाच होता.

आम्ही फोनवर एक इंग्रजी व्हिडिओ लावला. बोलणारी बाई भरभर बोलत होती. मी थांबवून थांबवून मराठीत सांगायचं आणि भाऊंनी चौकटीत उभं राहून ऐकायचं, असं चाललं होतं.

"लोणी फेटायचं आणि पिठीसाखर घालायची."

"बरं."

"सिरियल म्हणजे सकाळी दुधात घालून खातात ते. ते दुधात भिजत ठेवायचं."

"बरं."

"मग गाळायचं. सिरियल टाकून द्यायचं आणि दूध ठेवायचं."

भाऊ चौकट सोडून पुढे आले. "म्हंजी खायचं ते फेकायचं, अन् उष्टं दूध ठेवायचं?"

"तसंच म्हणते आहे ती."

"नीट ऐका मॅडम. तुमचं इंग्रजी जुनं हाय."

मी परत ऐकलं. शब्द न् शब्द कळत होता, पण असं कुणी का करेल ते कळत नव्हतं. दुसऱ्या व्हिडिओतली बाई म्हणाली, भिजवू नका, कोरडंच दळून घाला. तिसरी म्हणाली, दोन्ही करा. भाऊ म्हणाले, "ह्या बायांचा आपसात मेळ न्हाई."

सिरियल कसं दिसतं हे मी त्यांना सांगितलं होतं: रंगीत, गोल, मधे भोक, कुरकुरीत. सोमवारच्या बाजारातून भाऊ मोठ्या खुशीत पिशवी भरून पोंगे घेऊन आले. मागे मी तिकडे घेऊन आले होते आणि तुम्ही दहा बोटांत घालून फिरत होतात ना, तेच तळलेले पोंगे. मी घरी नव्हते. त्यांनी मिक्सरमधून काढून ते लोण्यात फेटले. मी आले तेव्हा आमच्या समोरची सविता, अंगणवाडीत शिकवते ती, चमच्याने चाखून बघत होती.

"भाऊ, ह्याला फोडणी द्या," ती म्हणाली. "चटणी म्हणून खपंल."

शेवटी भाऊंनी डेपोत जाऊन जुन्या सोबत्यांना गळ घातली आणि पुण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने आपल्या सीटखाली ठेवून खरं सिरियलचं खोकं आणून दिलं. भाऊंनी ते उघडून वास घेतला. "ह्याला तर उदबत्तीचा वास हाय," ते म्हणाले. मी एक कडी खाल्ली. मलाही तसंच वाटलं.

आता चुकायला जागा नाही, असं मला वाटलं. पण सगळं एकत्र दळलं तर पीठ निघालं राखेच्या रंगाचं. खोक्यावर एवढे झगझगीत रंग, आत एवढ्या रंगीत कड्या, मग रंग गेले कुठे? दूध घालून पाहिलं, तेही गढूळ. सविता म्हणाली, "आपण कधी सगळ्या डाळी एकत्र दळतो का? निवडा की आधी."

म्हणून दुसऱ्या दुपारी गल्लीतल्या बाया ताटं घेऊन भाऊंच्या घरी जमल्या. तांदूळ निवडतात तसं ते सिरियल निवडायला बसल्या. भाऊ खिडकीच्या फळीवर ताट ठेवून, चष्मा लावून, उभ्याने निवडत होते. लालचा ढीग, केशरीचा, पिवळ्याचा, हिरव्याचा, निळ्याचा, जांभळ्याचा. सविता म्हणाली, "हिरवा अन् जांभळा बाजूला सारला अन् पांढरा आणला तर आमचा पंचशील झेंडाच हाय की हो!" हसण्याचा एकच गलका झाला. एका म्हातारीने मात्र शेवटपर्यंत विचारलं, "पर हे शिजवायचं कवा?"

एकेक रंग वेगळा दळला. लोणी गार पाण्याने धुऊन त्याचा आंबूसपणा काढला, साखर घातली, फेटलं आणि खरोखर कौसाबाईच्या जुन्या वाट्या-वाट्यांतून फिक्के, गोड रंग उमलले. सविताने कुकरमध्ये रव्याचा केक केला. भाऊंनी दुधाच्या पिशवीचं टोक कापून, तिच्यात क्रीम भरून, वर रंगांच्या ओळी काढल्या.

पाहुण्यांच्या दिवशी दुपारी लाईट गेली. परभणीचा उन्हाळा म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नाही. कुलर थांबला, फ्रीज थांबला, आणि लाल केशरीत, केशरी पिवळ्यात, हिरवा निळ्यात शिरायला लागला. भाऊ सुपाने केकला वारा घालत होते. गल्लीच्या तोंडाशी भाड्याची गाडी थांबली. ज्योती उतरली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "इथंच थांबा दादा, चारला निघायचंय." भाऊंच्या हातातलं सूप क्षणभर थांबलं आणि पुन्हा हलायला लागलं.

बापलेकींनी एकमेकांकडे धड पाहिलं नाही. ज्योती वाकून पाया पडली. सई आईच्या मागे. भाऊंनी तिला केकजवळ नेलं. रंग ताटात उतरून पुन्हा राखेसारखे झाले होते.

"हेच मागितलं होतंस ना बेटा? जरा घाम आलाय त्याला."

सई म्हणाली, "मला माहीत नाही."

"म्हंजी?"

"मी कधी खाल्लं नाही. तुम्ही विचारलं तेव्हा समोर व्हिडिओ लागला होता. मला काही सुचेना, म्हणून तेच सांगितलं."

 केक बघायला आलेली सविता कपाळाला हात लावून म्हणाली, "आगं माय! लेकराला सुचंना म्हणून आमी सारी गल्ली मणी निवडायलोत व्हय!"

सई आधी हसली. मग ज्योती. भाऊ हसले नाहीत. त्यांनी आतून पोळी आणली, ताटात उतरलेलं क्रीम तिच्यावर ओतलं, गुंडाळी केली आणि नातीच्या हातात दिली. "तूपसाखर समजून खा." सईने ती खाल्ली आणि दुसरी मागितली. बाहेर बसलेल्या ड्रायव्हरलाही एक पोचवली.

खाणं झाल्यावर ज्योती त्या तुपट वाट्या घासायला मोरीत गेली. थंड पाण्याने लोणी निघेना. भाऊंनी गॅसवर पाणी तापत ठेवलं आणि पातेल्याकडे बघतच विचारलं, "नवऱ्याला कसं न्हाई आणलंस?"

"तुम्ही बोलावलं कुठं?"

"आता बोलावतो."

"आता म्हणजे कधी, बाबा?"

"आता म्हंजी आता. लाव फोन."

ज्योतीचे हात लोण्याने भरलेले. ती तशीच बसून राहिली. सईने फोन लावून आजोबांच्या कानाशी धरला. मी दारात होते, आत जावं की निघून जावं ते मला कळत नव्हतं. भाऊ डेपोत ओरडावं तसे ओरडून बोलले. "हॅलो, मी ज्योतीचा बाप बोलायलोय. जावईबापू, केक पार वितळला बघा. तुमी या. दुसरा करू." पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण भाऊ बराच वेळ "हां, हां" म्हणत राहिले आणि पाणी उकळून उतू गेलं.

चार वाजता ड्रायव्हर विचारायला आला. ज्योती पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आज नाही दादा. परवा या."

हे कशाने घडलं ते मी अनेकदा मनाशी मांडून पाहिलं. क्रीम वितळलं नसतं तर पोरीने ते खाल्लं असतं, फोटो काढले असते आणि त्या चारला निघाल्या असत्या का? की कौसाबाईच्या त्या वाट्यांनी ज्योतीला थांबवलं? मला सांगता येत नाही. भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, तुमी कारण लय शोधता."

जावई पुढच्याच महिन्यात आले. यंदा शिमग्यात भाऊ झोपेतच गेले, तेव्हा पहिला खांदा जावयांनी दिला.

ते क्रीम पुन्हा कुणालाच तसं जमलं नाही. प्रत्येक खेपेला ते आंबट होतं, खारट होतं, नाहीतर राखेच्या रंगाचं होतं. भाऊंचं घर विकलेलं नाही. एक किल्ली माझ्याकडे असते. त्या चैत्रापासून दर उन्हाळ्यात येतात तसे ज्योती, तिचा नवरा आणि सई यंदाही आले, दार उघडलं आणि राहिले.