टपावर सायकल, डिकीत चाकं

२० डिसेंबर १९८७, रविवार, सकाळी सहा. मालवण ते आंबोली आणि परत, भाडं साडेतीनशे रुपये ठरलेलं, पैकी शंभर आगाऊ दिलेले. घरापुढच्या खळ्यात हजर: मी, माझी पत्नी, आमच्या दोन मुली, सासूबाई, मेव्हणा आणि टॅक्सीवाला. टॅक्सी म्हणजे जुनी अँबेसिडर. माणसं सात. शिवाय एक सायकल.

सायकल मेव्हण्याची. तो मालवाहू बोटीवर नोकरीला, परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्याने ती घेतली होती. जाड टायरांची, अठरा गिअरची, रस्ता सोडून डोंगरातल्या पायवाटांवर चालवायची. मालवणात ती चालवून तो कंटाळला होता. बोटीवर परत जाण्याआधी आंबोलीच्या जंगलवाटांवर एकदा तरी फिरवायची एवढाच त्याचा हट्ट होता, आणि बुधवारी त्याला निघायचं होतं. एसटीच्या टपावर काजूच्या पोत्यांखाली ती टाकायला तो तयार नव्हता. म्हणून टॅक्सी.

टॅक्सीवाला आमच्याच वाडीतला. लग्नाच्या दिवसांत नवरीला दागिन्यांसकट लोक त्याच्या गाडीत बसवून देत. त्याचा धंदाच त्या विश्वासावर चालायचा. मीही त्याला आठ वर्षं ओळखत होतो. तरी आदल्या संध्याकाळी सायकल बघायला आला तेव्हा त्याने दोनदा विचारलं, "ह्येचा सामान हंयसर गावता काय?" हा प्रश्न मला आवडला नाही. ज्याला सायकल चालवायची नाही त्याला सुटे भाग मिळतात की नाही याची चौकशी कशाला?

टपावरच्या कॅरियरवर सायकलीचा सांगाडा तेवढा बसत होता. चाकं डिकीत घालायची ठरलं, पण डिकीत स्टेपनी आणि जेवणाचे डबे.

"स्टेपनी हंयच ठेवूया," टॅक्सीवाला म्हणाला.

"घाट चढायचाय, आणि स्टेपनी घरी?"

"मगे सायकल घरी ठेवा, भाऊ. दोनांतला एक कायतरी."

स्टेपनी ठेवून जाण्याची त्याला एवढी घाई का, हे मला कळेना. मी ती हाताने दाबून पाहिली. हवा होती. शेवटी मी ती मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत आडवी घातली. सासूबाई त्यावर पाय ठेवून बसल्या आणि कुडाळ येईपर्यंत म्हणत राहिल्या, "जावयान माका पाटार बसवल्यान, आता आरती करा."

मेव्हण्याने चाकं काढली तेव्हा मी शेजारी उभा होतो. प्रत्येक चाकाच्या मध्यातून आरपार एक लांब सळी जाते. तिच्या एका टोकाला वाकडी चकचकीत मूठ. मूठ फिरवली की पान्याशिवाय चाक सुटतं. चाकं डिकीत सपाट बसावीत म्हणून त्याने दोन्ही सळ्या ओढून काढल्या आणि कापडी पिशवीत टाकल्या. दोन सळ्या, एक पिशवी. पिशवी डिकीत, पूजेच्या सामानाच्या पिशवीला लागून.

कुडाळच्या पुढे सासूबाईंच्या माहेरचं देऊळ रस्त्याला लागूनच आहे. घाट चढण्याआधी त्यांना तिथे नारळ द्यायचा होता. पत्नी मुलींना घेऊन पुढे देवळात गेली. मी आणि मेव्हणा समोरच्या हॉटेलात चहाला गेलो. टॅक्सीवाला चहाला आला नाही. "काकीक डिकी उघडून दितंय, तुमी जावा," म्हणाला. हॉटेलाच्या बाकावरून मला डिकीचं उघडं झाकण दिसत होतं, त्यामागचं काही दिसत नव्हतं. झाकण पडलं तेव्हा सासूबाई देवळाच्या पायऱ्या चढत होत्या आणि टॅक्सीवाला खिशात हात घालून उभा होता. त्याने विडी काढली. खिशात विडीच असेल, पण मी ते मनात ठेवलं.

आंबोलीला साडेदहाला पोचलो. पत्नी, मुली आणि सासूबाई रस्त्याकडेच्या भज्यांच्या टपरीत बसल्या. आम्ही सांगाडा खाली उतरवला. मेव्हण्याने मागचं चाक बसवलं, पुढच्यासाठी पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी. डिकी रिकामी केली, तिच्यात अंथरलेलं पोतं झटकलं, सीट उचलली. सळी नाही.

"दोन होत्या. मी मोजल्या होत्या," मी म्हणालो.

टॅक्सीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे काय म्हणता?"

"देवळापाशी डिकी तू उघडलीस."

"उघडलंय. काकीन सांगल्यान म्हणान उघडलंय."

"खिशात काय होतं?"

त्याने दोन्ही खिसे बाहेर काढले. विड्या, काड्यापेटी, किल्ली, एक रुमाल. मेव्हणा मधे पडला, "भावजी, र्‍हवांदे. पडली आसतली खंय."

"बंद डिकीतून?" मी विचारलं.

टॅक्सीवाला ओरडला नाही. गाडीला टेकून म्हणाला, "भाऊ, पुढच्या महिन्यात माका चार लग्नां आसत. तुमी उद्या बाजारात नुसता बोललात तरी माझ्या गाडयेत कोण बसतलो? तसा नको. परत जाताना त्याच देवळात उतरूया. गुरवाक सांगून कौल लावया. देव काय ता सांगीत."

कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला तांदूळ किंवा कळ्या चिकटवून गुरव प्रश्न घालतो. उजवीकडचं पडलं तर एक उत्तर, डावीकडचं पडलं तर दुसरं. त्यावर आमच्याकडे जमिनीचे वाद मिटलेले आहेत. पण मला वाटलं, चोराला कौलाची भीती नसेल तर कौल लावून काय उपयोग? मी म्हणालो, "लावू."

कौल हा शब्द टपरीपर्यंत गेला. सासूबाई भजी तशीच ठेवून आल्या.

"कौल कित्याक? काय हरवला?"

मेव्हण्याने मागच्या चाकात बसवलेली सळी दाखवली. "अशी दुसरी."

"ती चावी?" सासूबाई म्हणाल्या. "ती देवाकडे आसा."

मग त्यांनी सांगितलं. नवी गाडी घेतली की तिची चावी देवाच्या पायाशी ठेवतात. झिलाने, म्हणजे मेव्हण्याने, एवढी महागाची सायकल आणली, ती देवाला दाखवलीच नव्हती, आणि आता ती टपावर बांधलेली. पूजेची पिशवी घेताना बाजूच्या पिशवीत ही मुठीची चकचकीत वस्तू दिसली. सायकलीला कुलूप असतं, तेव्हा ही त्याची चावी. टॅक्सीवाल्याची पाठ होती तेव्हा ती पदरात घेतली आणि देवापुढे ठेवली.

"मग परत का नाही आणलीत?" मी विचारलं.

"कुलूप लावूक नाय, मगे चावी कित्याक व्हयी? झिल घाट उतरान सुखरूप येयसर देवाकडेच र्‍हवांदे म्हटलंय. जाताना घेवचीच होती."

"आये, चाक पडला आसता माझा," मेव्हणा म्हणाला.

"पडूक खंय? तू बसलंसच नाय अजून."

सळी आणल्याशिवाय सायकल चालणार नव्हती. देऊळ चाळीस किलोमीटर मागे. टॅक्सीवाल्याला मी जायला सांगितलं. तो म्हणाला, "एकटो जावचंय नाय. परत कायतरी कमी जायत आणि माझ्यार येयत. तुमी चला." मी गेलो.

देवळात गुरवाने मला वरून खालून पाहिलं. सळी देवाच्या उजव्या पायाशी फुलांत होती, मला दिसत होती. तो म्हणाला, "म्हातारेन ठेवल्यान ती. तुमी कोण?" मी जावई असल्याचं सांगितलं, नाव, गाव, कचेरी सांगितली. "कोणय सांगात," गुरव म्हणाला. "देवापुढची वस्तू मी अशी वाटेवरच्याक दिना नाय." मग तो टॅक्सीवाल्याकडे वळला, लग्नांच्या भाड्यांमुळे तो त्याच्या ओळखीचा. "तू ओळखतंस रे ह्येंका?"

टॅक्सीवाल्याने मला एकदा नीट पाहून घेतलं.

"ओळखतंय," तो म्हणाला. "दी."

गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं, सळी कागदात गुंडाळली आणि ती माझ्या हातात न देता टॅक्सीवाल्याच्या हातात दिली.

पावणेदोनला आंबोलीला परतलो. मेव्हण्याने पुढचं चाक बसवलं आणि तो जंगलवाटेने निघून गेला. साडेचारला आला तेव्हा गुडघे चिखलाने भरलेले होते आणि कोपर सोललेलं. इतका खूश तो मला पुन्हा दिसला नाही.

आजही मला वाटतं, बंद डिकीतून वस्तू गेली तर डिकी उघडणाऱ्याला विचारणं गैर नव्हतं. पत्नीचं मत वेगळं आहे.

रात्री आठला खळ्यात हिशेब केला. ठरलेल्यातले बाकी अडीचशे. जादा फेरी ऐंशी किलोमीटर, दोन रुपयांप्रमाणे एकशेसाठ. त्यावर वीस मी वेगळे ठेवले. त्याने ते बाजूला काढून परत दिले. आठ वर्षांत माझे पैसे तो न मोजता खिशात घालायचा. त्या रात्री चारशे दहा रुपये त्याने दिव्याखाली धरून माझ्यासमोर दोनदा मोजून घेतले.