पुढं भाकर हाय

मळवलीचा कोंडाजी रेल्वेच्या गँगमध्ये होता आणि येशूच्या कळपातही होता. दोन्हीकडे त्याची ख्याती एकच: माणूस भलता सावकाश. पहार उचलायची तरी अशी उचली, की जणू ती झोपली आहे आणि तिची झोपमोड होता कामा नये.

प्रार्थनाही तशीच. दुपारी खंडाळ्याच्या घाटात रुळाकडेला गँग भाकरी सोडून बसली, की कोंडाजी टोपी काढी, डोळे मिटी आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून निघे. मालगाडीने घाट चढावा तशी ती प्रार्थना चढे. वाटेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' हे स्टेशन लागे. ते सगळ्यांना आवडे. गँगमधला गेणू म्हणे, "देव कुनाचा का आसंना, मागनं रास्त हाय."

पण गँग थांबे ती काही देवासाठी नव्हे. कोंडाजीची बायको रतनबाई सुकटीची चटणी अशी करी, की वासानेच भाकरी संपावी. गावात कोंडाजीच्या हातचं पाणी कोणी घेतलं नसतं. घाटात मात्र गावचं कोणी बघायला नसे, आणि सुकटीला जात नसते हा शोध गँगने आपापसात लावून टाकला होता. सुरुवातीला कोंडाजीचे डोळे मिटलेले असतानाच चटणी नाहीशी होई. मग मुकादम महिपतीने कायदा केला. "आमेन झाल्याबिगर कुनाचा हात हलला, तर त्या हातावर घन घालीन!" तेव्हापासून 'आमेन'चा 'न' संपतो न संपतो तोच सगळे हात एकदम चटणीवर पडत. पलटणीलाही अशी कवायत जमली नसती.

कायदा करणारा महिपती स्वतः मात्र कोंडाजीची टिंगल करायचा सोडत नसे. त्याला तो 'पाद्रीबुवा' म्हणे, त्याची प्रार्थना नाकातून म्हणून दाखवी आणि चटणीचा मोठा गोळा उचली.

त्या आषाढात रतनबाई तापाने गेली. कोंडाजीने उशाशी गुडघे टेकून प्रार्थना केली होती; आयुष्यात प्रथमच घाईघाईने. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ तोंडात होती, तेव्हाच तिचा श्वास थांबला. कोंडाजी तिथून पुढे गेलाच नाही. कामावर आला, पण टोपी न काढता कोरडी भाकरी चावू लागला. गँगची पंचाईत झाली. आमेन नाही, तर पहिला घास कोणी घ्यायचा?

"पाद्रीबुवा, देवाशी अबोला धरला व्हय?" महिपतीने विचारलं.

"दर बारीला मीच बोलायचं? त्यानं न्हाई कंदी बोलायचं?"



भाद्रपदात भरदुपारी दरड कोसळली. गाड्या अडवायला लाल बावटे दोन्हीकडे धावले. बाकीचे माती उपसत असताना वरून एक धोंडा सुटला आणि महिपतीच्या मांडीवर येऊन बसला. कड्यावरची माती अजून भुरभुरत होती. उरलेली दरड कधीही खाली येणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

धोंड्याखाली पहारी घातल्या. उचल एकदमच व्हायला हवी होती. एक हात जरी आधी गेला, तर धोंडा वळून महिपतीच्या छातीवर जाणार. रोज उचलीचा इशारा महिपतीचा असे. आज महिपतीच खाली होता.

"हैश्शा!" गेणू ओरडला. दोन पहारी आधी उठल्या, बाकीच्या मागून. धोंडा बोटभर छातीकडे सरकला. महिपतीची किंकाळी दरीत घुमून परत आली.

कोणाचाही हात पुन्हा रेटा द्यायला धजेना. महिपतीने डोळे उघडले.

"कोंडा... आमेन म्हन."

"काय?"

"आमेनला चुकत न्हाईत ही बेनी. म्हन!"

"नुसतं आमेन कसं म्हनू? आदी प्रार्थना लागती."

"मंग कर की, बाबा!" गेणू रडकुंडीला आला. "पर आज जरा पळव!"

कोंडाजीने मान झटकून टोपी पाडली. हात पहारीवर होते. "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो. तुझे राज्य येवो..."

आणि प्रार्थनेची गाडी थांबली. वरून खडे टपटपू लागले. एक गेणूच्या खांद्यावर बसला, पण त्याने पहार सोडली नाही.

"म्हन की, कोंडाभाऊ!"

"त्याची इच्छा ह्याला बी न्यायचीच आसली तर? एकदा बघितलंय म्या."

धोंड्याखालून महिपतीचा तुटका आवाज आला. "पुढं भाकर हाय, कोंडा. हितं थांबू नगंस. पुढं भाकर हाय."

टिंगल करता करता गड्याची सगळी प्रार्थना पाठ झाली होती! कोंडाजीने त्याच्याकडे पाहिलं. मग तो ती ओळ म्हणाला. नम्रपणे नव्हे, सख्ख्या बापाशी भांडावं तशी. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो! पर मी बी हितंच हाय, पहार सोडनार न्हाई!" ही भर कुठल्याही शास्त्रात नाही. पण तेवढं बोलल्यावर त्याने पहारीवरची पकड आवळली. नंतर तो सांगे, "मला वाटायचं, बाप लांब वर बसलाय. त्या वक्ताला कळलं, तो माज्याच पहारीला हात लावून हुबा हाय."

भाकरीचं स्टेशन गेलं, पापांच्या क्षमेचं गेलं.

"आमेन!"

सगळे हात एकदम पडले. धोंडा उठला आणि दरीकडे कलंडला. गेणूने महिपतीला काखेत धरून फरफटत बाजूला आणलं, आणि उरलेली दरड त्या जागी धबकन बसली. पहारी अजून तिथेच गाडलेल्या असतील.

महिपतीचा जीव वाचला, पाय मात्र वाकडा झाला. रेल्वेने त्याला मळवलीच्या फाटकावर बसवलं. दसऱ्यानंतर त्याची बायको कस्तुराबाई दिवसाउजेडी, सगळ्या गावादेखत कोंडाजीच्या दारात आली.

"सुकट काय आमच्यात शिजत न्हाई, भाऊ. कारळ्याची चटनी हाय. गोड मानून घ्या."

दुपारी कोंडाजी ती घेऊन फाटकावर गेला. टोपी काढली, डोळे मिटले. 'तुझे राज्य येवो'पाशी अडखळला. तिथे तो जन्मभर अडखळत राहिला.

"पुढं भाकर हाय," महिपती हळूच म्हणाला.

आमेन झालं. डोळे उघडून कोंडाजी बघतो, तो निम्मी चटणी गायब.

"लंगडा पायानं झालास व्हय रं," तो म्हणाला, "हातानं न्हाई!"