पाण्याच्या हंड्यापाशी

१२ मार्च, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. डोंगरउतारावरचा वणवा दत्तूकाकांच्या चाळीस आंबाकलमांपर्यंत पोचला होता. गावातल्या स्वयंसेवकांचे वणवा पथक ओल्या फांद्यांनी ज्वाळा झोडपत होते, वणव्यांच्या अभ्यासासाठी आलेली मी संशोधक वाऱ्याचा वेग मोजून त्यांना दिशा सांगत होते, आणि दत्तूकाका मात्र मागे, पाण्याच्या हंड्यापाशी उभे होते.

"वहिनी, सोडा मला. माझी कलमं हायत ती."

"म्हणूनच नाय सोडत, भावोजी," पथकप्रमुख शेवंताकाकू हात न थांबवता म्हणाल्या. "तुमचं जळतंय, तुम्ही पाणी द्यायचं. नि ग्लास भरून द्या. माझा गोठा पेटला तेव्हा मी काय अर्धे दिले होते?"

ज्याचे जळते त्याला पुढे पाठवायचे नाही, हा या पथकाचा नियम. निकालात ज्याचा जीव गुंतला आहे त्याच्या हाती प्रयोगशाळेतही मोजमाप देत नाहीत. पण तिथे त्यामागे अविश्वास असतो. इथे तोच नियम मायेने पाळला जातो. स्वतःचे झाड वाचवायला माणूस आगीत कुठवर शिरेल, याचा अंदाज इतरांना असतो, त्याला नसतो. काकांची नजर कलमांवर होती, तरी ग्लास भरलेलेच येत होते.

संध्याकाळी आग विझली. काका बागेच्या दगडी गडग्याशी थांबले आणि पाठ फिरवून म्हणाले, "ताई, तुम्हीच मोजा. मी मोजलं तर जळकंही हिरवं दिसंल."

मी प्रत्येक खोडाची साल नखाने खरवडून पाहिली आणि शेवटची नोंद त्यांना ऐकू जाईल अशी वाचली. आतून हिरवी असलेली कलमे : तेवीस.