एका वायरीवर बाप-लेक

मेंग ब्यॉन्ग-गू यांनी कुन्सानमध्ये एकतीस वर्षं शहर बस चालवली. निवृत्तीनंतर एके सकाळी ते माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले, एक जुना कॉम्प्युटर पसंत केला आणि म्हणाले, "घरात नेटची वायर एकच. ती पोराच्या खोलीत जाते. तिच्यावर दोन चालतील का? त्याचं बंद पडता कामा नये हं."

"चालतील काका. छोटा डबा बसवतो. वायर डब्यात, डब्यातून दोन फाटे."

"त्याला कळणार नाही ना?"

मला वाटलं, वेगाबद्दल विचारतायत. "काही कळणार नाही," म्हटलं.

दुपारी त्यांच्या घरी गेलो. पोराच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून सदतीस-अडतीसचा तो पोरगा, तेईन, म्हणाला, "तीनला माझा डाव आहे. त्याआधी आवरा." बाप माझ्या शेजारीच उभा होता. पोरगा त्यांच्याशी बोललाच नाही, माझ्याशी बोलला.

त्याचं कारण मला पुढे दुकानात, काकांबरोबर जवाचा चहा पिताना कळलं. तेईनला सहाव्या वर्षी बादुक हा पटावरचा खेळ काकांनीच शिकवला, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या हातात देऊन. नवव्या वर्षी त्याला सोलला गुरूकडे ठेवलं. व्यावसायिक खेळाडू व्हायचं तर अठराव्या वर्षाच्या आत डावांची परीक्षा पास करावी लागे. शेवटच्या संधीचा शेवटचा डाव तो अर्ध्या गुणाने हरला. घरी परतताना काका म्हणाले, "नऊ वर्षं पाण्यात गेली." तेवढंच. पोराने त्यानंतर बापाशी बोलणं टाकलं. आई होती तोवर निरोप तरी इकडून तिकडे जात. ती गेली. मोटारींच्या कारखान्यातली त्याची नोकरीही कारखान्याबरोबर गेली, आणि तो त्या खोलीत शिरला तो शिरलाच.

मात्र बादुकच्या साइटवर तो सर्वांत वरच्या दर्जाचा खेळाडू होता. लोक त्याला गुरुजी म्हणत. काकांनी तिथे खोटं नाव घेतलं आणि पोराला खेळायला बोलावलं. सवलत म्हणून सहा सोंगट्या आगाऊ मांडून घ्यायचे, तरी हरायचे. हरण्याचं त्यांना काही नव्हतं. डाव संपला की तेईन लिहायचा, 'इथे घाई केलीत', 'हा कोपरा मात्र छान राखलात'. काका दोन बोटांनी उत्तर टाइप करत. मध्ये एक भिंत.

एकदा त्यांनी पडद्याचा फोटो मोबाइलवर आणून दाखवला. तेईनने विचारलं होतं, 'घरी खेळायला कोणी नाही?'

'मुलगा आहे. माझ्याहून फार चांगला खेळतो. पण बोलत नाही.'

'मग तुम्ही बोला.'

"मीच बोलायचं म्हणतो," काका म्हणाले. "रविवारी. काय बोलू रे?"

"आधी जेवायला बोलवा," मी म्हटलं.

शुक्रवारी तेईनचं खातं बंद झालं. साइटवाल्यांनी जाहीर केलं होतं, की हा खेळाडू एकाच घरातल्या दुसऱ्या खात्याशी नव्वद डाव खेळला आणि सगळे जिंकला. म्हणजे स्वतःशीच खेळून गुण वाढवतो. माझ्या डब्याला जोडलेले दोन्ही कॉम्प्युटर त्यांना एकाच पत्त्यावरचे दिसत. हे मला ठाऊक होतं. काकांनी विचारलं तेव्हा डोक्यातच आलं नाही.

काकांनी मागाहून सांगितलं, तेईन खोलीतून बाहेर आला. काका भाजी निवडत होते.

"तो म्हातारा तुम्ही होतात?"

"हो."

"मी लबाड आहे असं छापलंय त्यांनी. सगळ्यांनी वाचलं."

"मी सांगतो त्यांना. माझी चूक—"

"काय सांगाल? बाप पोराशी चोरून बोलत होता म्हणून?"

दार बंद झालं.

मी साइटला तीन पत्रं लिहिली, डब्याचे फोटो जोडले, काकांच्या ओळखपत्राची प्रतही. उत्तर तेच आलं, नियम सर्वांना सारखा. खोटं नाव घेणं हाही गुन्हाच, म्हणून काकांचं खातंही गेलं. नवं खातं काढून तळापासून सुरू करता आलं असतं, पण तेईनने ते केलं नाही.

मी डबा काढायला गेलो. बंद दाराशी उभा राहून म्हटलं, "तेईन, चूक माझी आहे. मला सांगायला हवं होतं."

आतून आवाज आला, "वायर पुन्हा सरळ जोडू नका. मला नकोय आता."

तशीच गुंडाळून भिंतीला टांगली.

त्यानंतरच्या रविवारी काकांनी स्वयंपाक केला, वाळवलेल्या माशाचा रस्सा आणि भात. दारावर टकटक करून म्हणाले, "तेईन, जेवायला ये. मी बोललो ते वाईट बोललो. त्या वेळी, घरी येताना." एवढं बोलायला त्यांना वीस वर्षं लागली होती. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ते थांबले. दार उघडलं नाही.

रस्सा निवला. काकांनी दोघांच्या वाट्या उचलल्या आणि त्यातलं काहीही न खाता भांडी घासायला घेतली.