सत्त्याण्णवच्या पुढे

काशीमीऱ्याच्या गोडाऊनमध्ये सिमेंटच्या गोण्या उचलून बाबांची छाती गेली. महाडहून आलेला धडधाकट माणूस खोलीच्या दारात खोकत बसायचा आणि आई सिल्व्हर पार्कमधल्या घरांत पोळ्या लाटायची. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, एका विषयात आधीच नापास. बाबांनी हायवेवरच्या हॉटेलात माझ्यासाठी काउंटरचं काम बोलून ठेवलं होतं. "या वेळी नाही सुटलीस तर बस तिकडे," म्हणाले. रागाने नाही, दमून.

तोंडी परीक्षेसाठी गणिताच्या मॅडमनी प्रत्येकाला एकेक मोठी संख्या दिली होती. ती मूळ की संयुक्त, ते सिद्ध करायचं. मला दहा लाख एक आली. घरच्या भिंतीवर शाळेतला मूळ संख्यांचा तक्ता होता, शंभरपर्यंतचा. दोनपासून सत्त्याण्णवपर्यंत सगळ्यांनी भागून पाहिलं. एकीनेही भाग जाईना. लिहून टाकलं: मूळ संख्या.

"एकशे एकने पाहिलंस?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"का? शंभरनंतर मूळ संख्या संपतात?"

मागे कुणीतरी हसलं. दहा लाख एकचं वर्गमूळ हजाराच्या आसपास, म्हणजे हजारापर्यंत तपासायला हवं होतं. पण आमच्याकडे तक्ता संपला की गणित संपायचं, पुढचं सांगणारं घरात कोण होतं?

"पुढच्या आठवड्यात शेवटची संधी," मॅडम म्हणाल्या.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "अगं, एकशे एक म्हणजे लग्नाच्या पाकिटात घालतो तोच आकडा! तोच नाही दिसला तुला?" बाबा हसायला गेले आणि खोकल्यात अडकले. दुसऱ्या दिवशी त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं.

कॉटशेजारी बसून मी भागाकार केला. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. आता हा नऊ हजार नऊशे एक आणखी फुटतो का? त्याचं वर्गमूळ शंभरच्या आत, म्हणजे इथे सत्त्याण्णवपर्यंत तपासलं की पुरे. नाही फुटला.

"सुटलं का गं?" बाबांनी मास्क बाजूला करून विचारलं.

"सुटलं."

"मग हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांगतो."

ते सांगायला बाबा घरी आले नाहीत.

सुतकातच मी परीक्षेला निघाले. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "बापाची राख निवली नाही अन् ही चालली कॉलेजला." आई म्हणाली, "जाऊ द्या तिला. तिचा बाप असता तर त्यानेच पाठवली असती."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल?"

"दोन प्रकारे. हजारचा वर्ग अधिक एकचा वर्ग. आणि नऊशे ऐंशीचा अधिक एकशे नव्व्याण्णवचा."

त्यांनी स्वतः गुणाकार करून पाहिला आणि मान हलवली.

मी गणित घेऊन बी.एस्सी. पास झाले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली.