सपाट रेघ

सुई टोचलेली कळतसुद्धा नाही, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला मुंगीताई म्हणायचे. हाताला कसब होतं आणि जिभेला धार. "हात लपवताय काय असा? मी काय तो कापून घरी नेणार आहे?" असं म्हणेपर्यंत नळी भरलेलीही असायची. लग्न तिने केलं नाही. आईवडील गेल्यावर तिचं असं माणूस एकच उरलं, धाकटा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि ताई म्हणेल ती त्याची पूर्व दिशा.

त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली, पोटाला त्रास नको म्हणून वरून वेष्टण असलेली. पण अशी गोळी काहींच्या रक्तात नीट उतरतच नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, तपासून घ्या, लागू पडत नसेल तर बदलून देऊ. तपासायला तो जाणार कुठे? ताईकडेच.

अहो, रक्तातल्या प्लेटलेट म्हणजे मोठी चुगलखोर जात. जरा इशारा मिळाला की एक प्लेटलेट निरोप सोडते. तो शेजारणीच्या अंगावरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतो, कुलपात किल्ली बसावी तसा, आणि बघता बघता सगळ्याजणी एकमेकींना बिलगून गुठळी करतात. जखमेवर झाली तर बरंच, स्टेंटमध्ये झाली तर जिवावर बेततं. गोळीचं काम एवढंच, की तो निरोप तयारच होऊ द्यायचा नाही.

म्हणून नमुन्यात इशाऱ्याच्या द्रवाचा थेंब टाकायचा आणि यंत्राची रेघ बघायची; प्लेटलेट बिलगल्या की ती चढते. रेघ चढली तर गोळी फुकट, सपाट राहिली तर गोळी लागू. पण द्रवच खराब झाला असेल तरीही रेघ सपाटच राहणार! म्हणून सोबत एका धडधाकट माणसाचं रक्त लावतात. त्यात ती चढायलाच हवी. हे रक्त तिथे काम करणाऱ्यांपैकीच कोणीतरी द्यायचं, अशी पद्धत होती.

त्या दुपारी बाकीचे जेवायला गेले होते. तिने स्वतःचंच काढलं. भावाची रेघ सपाट आली. तिचा जीव भांड्यात पडला. मग स्वतःची बघितली, तर तीही सपाट. ती थबकली, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई, सकाळी गुडघ्यासाठी वेदनाशामक घेतली ना मी! तीही निरोप अडवतेच की. मग माझी रेघ चढेल कशी?

परक्या कोणाचा नमुना असता तर तिने कोणालातरी ताटावरून उठवून आणलं असतं. पण इथे हवं तेच उत्तर समोर होतं ना! आणि भाऊ बाहेर घड्याळ बघत ताटकळत होता.

"काय ताई, जगतो का मी?"

"तुला काय धाड भरलीय? लागू पडतेय गोळी. पळ आता कामावर."

आठवडा उलटायच्या आत स्टेंटमध्ये गुठळी झाली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तिला पटेचना. कामावर परतल्या परतल्या तिने त्या दिवशीचीच द्रवाची कुपी काढली आणि एका सहकारिणीचं रक्त घेतलं. त्या बाईने कसलीही गोळी घेतलेली नव्हती. रेघ सपाट. नवी कुपी फोडली, तशी रेघ सरसर वर चढली. मुंगीताई स्टुलावर बसली ती बसलीच. भावाला गोळी लागू पडत होती की नाही, हे आता कधीच कळणार नव्हतं. तिने ते तपासलंच नव्हतं.

भावजयीला सगळं सांगून टाकायचं ठरवूनच ती संध्याकाळी तिच्याकडे गेली. दारातच भावजयीने तिचा हात धरला.

"ताई, लोक नाही नाही ते बोलतात हो. गोळी बदलायला हवी होती म्हणे. मी म्हटलं, त्यांच्या बहिणीने स्वतःच्या हाताने तपासलंय. तेवढ्यावर तर मी उभी आहे. आपण कुठे कमी पडलो नाही, ताई. नाही ना पडलो?"

"नाही गं," मुंगीताई म्हणाली, आणि भावजय तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.